दूरचित्रवाणी मालिकांतील वंध्यत्व आणि उपचारांचे चित्रण

प्रस्तावना

कौटुंबिक मालिका आणि आरोग्यविषयक समज यांचा संबंध अभ्यासताना क्षयरोग, कर्करोग, एड्स अशी उदाहरणे आपण नेहमी घेतो. वंध्यत्वाचा विचार मात्र 'स्त्रीप्रश्न' या सदराखाली उरकला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे दर सहा जणांपैकी साधारण एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. गर्भनिरोधक न वापरता बारा महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे, अशी त्याची वैद्यकीय व्याख्या आहे. तुमच्या वर्गात, चाळीत, कार्यालयात ही माणसे आहेतच. ती बोलत नाहीत, एवढेच.

घरात ज्या विषयावर बोलले जात नाही, त्याची माहिती माणूस दुसरीकडून गोळा करतो. आपल्याकडे ती फार मोठ्या प्रमाणात रात्रीच्या मालिकांतून येते. म्हणून या टिपणात आपण एक साधा प्रश्न विचारणार आहोत: मालिका यातले नेमके काय दाखवते आणि काय गाळते? माझे मत आधीच सांगून टाकतो. मालिका मूल नसण्याची घटना दाखवते. मूल व्हावे म्हणून चालणारी खटपट ती दाखवत नाही. आणि उपचार म्हणजे मुख्यतः ही खटपटच असते.

प्रत्यक्ष उपचार कसे चालतात

तुलना करायची तर मूळ गोष्ट माहीत हवी. जगातील पहिले आयव्हीएफ बाळ, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात 'दुर्गा' जन्मली. त्यांच्या दाव्यावर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. (तपन सिन्हा यांचा 'एक डॉक्टर की मौत' हा १९९० चा चित्रपट याच आयुष्यावरून सुचलेला, पण त्यातला डॉक्टर कुष्ठरोगावरील लस शोधतो. वंध्यत्वावरच्या संशोधनाची गोष्ट पडद्यावर येतानाही वंध्यत्व बाजूला पडले, हे लक्षात घ्या.) पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला.

आज एका आवर्तनात साधारण असे घडते. स्त्रीला दहाबारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, म्हणजे एका वेळी अनेक स्त्रीबीजे तयार होतात. दर दोनतीन दिवसांनी सोनोग्राफी होते. शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या वेळी घ्यावे लागते, कारण त्यानंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन बीजे काढली जातात. प्रयोगशाळेत फलन होते, तीन ते पाच दिवसांचा भ्रूण गर्भाशयात सोडतात, आणि मग सुमारे दोन आठवडे थांबायचे. शेवटी रक्ताची तपासणी होते. ती नकारात्मक आली, तर पैसे जमवून, शरीराला विश्रांती देऊन पुन्हा पहिल्यापासून. खासगी रुग्णालयात एका आवर्तनाला लाख-दोन लाख रुपये सहज लागतात.

यश किती मिळते? ब्रिटनच्या नियामक संस्थेची २०१९ ची आकडेवारी पाहा. ३५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये सोडलेल्या दर भ्रूणामागे सुमारे ३२ टक्के वेळा मूल जन्मले; ४३ वर्षांच्या पुढे स्वतःचे बीज वापरल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे उत्तम परिस्थितीतही एका प्रयत्नात अपयश येण्याचीच शक्यता जास्त.

मालिकेचा साचा

आता मालिकेकडे वळू. तुम्ही हिंदी, मराठी, तमिळ किंवा बंगाली कोणतीही दैनंदिन मालिका पाहत असाल, तरी पुढील प्रसंग ओळखीचे वाटतील. सून जिन्यावरून पडते (बहुधा कोणीतरी तेल सांडलेले असते). डॉक्टर चष्मा काढून सांगतात की ती आता कधीच आई होऊ शकणार नाही. सासू वारसाचा विषय काढते. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची किंवा 'कूस भाड्याने' घेण्याची चर्चा सुरू होते. मग काही महिन्यांनी नायिकेला चक्कर येते, घरातलेच कोणी डॉक्टर नाडी पाहतात आणि हसून अभिनंदन करतात. ज्या निदानावर शंभर भाग चालले ते निदान चुकीचे होते, की अहवाल बदलले होते, की देव पावला, याचा खुलासा एका वाक्यात होतो.

वैद्यकीय चुका मोजत बसणे सोपे आहे. नाडीवरून गर्भधारणेचे निदान होत नाही, रक्तातील किंवा लघवीतील एचसीजी या संप्रेरकावरून होते, वगैरे. पण अभ्यासक म्हणून आपल्याला त्यापलीकडे पाहायचे आहे. या साच्यात तीन टोके आहेत: अपघात, घोषणा आणि चमत्कार. तिन्ही क्षणात घडणाऱ्या गोष्टी आहेत. खऱ्या वंध्यत्वात यातले जवळजवळ काहीच क्षणात घडत नाही. अनेकदा निदान महिन्यामहिन्याने उलगडते. भारतात बीजवाहिन्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे आणि तो कित्येकदा कोणतेही ठळक लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहतो. अशा कारणाला खलनायिका नसते, सांडलेले तेल नसते. म्हणून ते कथानकात येत नाही.

यातली गंमत अशी, की दैनंदिन मालिका हा प्रकार लांबण लावण्यासाठीच प्रसिद्ध आहे. एका थपडेवर तीन वेळा कॅमेरा फिरतो, एका साखरपुड्याला तीन आठवडे लागतात. वाट पाहणे दाखवण्यासाठी याहून सोयीचा कलाप्रकार शोधून सापडणार नाही. भ्रूण सोडल्यानंतरचे ते दोन आठवडे, रोज सकाळी उठून स्वतःच्या शरीरात काही बदल झाला का ते चाचपणारी बाई, तिला काय विचारावे हे न कळणारा नवरा, हे सगळे मालिकेच्या गतीला अगदी साजेसे आहे. तरीही तिथेच मालिका घाई करते. उपचार एका गाण्याच्या पार्श्वभूमीवर मिनिटभरात संपतो.

एक उदाहरण: 'ये है मोहब्बतें'

स्टार प्लस वाहिनीवर डिसेंबर २०१३ ते डिसेंबर २०१९ या काळात चाललेली 'ये है मोहब्बतें' ही बालाजी टेलिफिल्म्सची मालिका मुद्दाम निवडली आहे, कारण ती वाईट उदाहरण नाही. मंजू कपूर यांच्या 'कस्टडी' या २०११ च्या कादंबरीवर ती सैलपणे आधारलेली होती. कथानक दिल्लीत घडते. नायिका इशिता अय्यर तमिळ कुटुंबातील दंतवैद्य आहे. तिला मूल होऊ शकत नाही आणि या कारणावरून तिचे ठरलेले लग्न मोडलेले आहे. शेजारच्या पंजाबी कुटुंबातील घटस्फोटित रमण भल्ला याची छोटी मुलगी रूही हिच्यावर तिचा जीव जडतो. रूहीचा ताबा रमणकडे राहावा आणि तिला आई मिळावी म्हणून दोघे लग्न करतात. प्रेम नंतर येते.

हे धाडस कशात होते ते पाहा. एरवी मूल न होणारी स्त्री मालिकेत दोनच भूमिकांत येते: सोसणारी बिचारी किंवा दुसऱ्याच्या बाळावर डोळा ठेवणारी कपटी जाऊ. इथे ती नोकरी करणारी, भांडणारी, हसणारी नायिका आहे. तिच्या मातृत्वाचा पुरावा रक्ताचा नाही. रूहीचे दात, शाळा, ताप, हट्ट या गोष्टी ती पाहते म्हणून ती आई आहे. रूहीने तिला 'इशी माँ' म्हणणे हे प्रेक्षकांनीही मान्य केले. लग्नाच्या बाजारात 'दोष' म्हणून मोजली गेलेली गोष्ट कथानकाने सुरुवातीलाच सांगून टाकली आणि तरीही ही बाई मध्यभागी उभी राहिली. मुख्य वेळेतल्या हिंदी मालिकेने हे करणे ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे मात्र मालिका लांबत गेली आणि तिला जुनेच प्रश्न विचारावेसे वाटले. इशिता-रमण यांना 'स्वतःचे' मूल हवे, हे कथानक आले. सरोगेट माता झाली ती रमणची पहिली बायको शगुन. त्यातून पीहू जन्मली आणि मग पीहूची खरी आई कोण, यावर पुन्हा ओढाताण. पहिल्या टप्प्यात जे उत्तर मिळाले होते, की आई होणे हे सांभाळण्यात आहे, ते उत्तर मालिकेलाच पुरेसे वाटले नाही, असे मी म्हणेन. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेची ही अडचण आहे: सुटलेला प्रश्न तिच्या उपयोगाचा नसतो. समाधान मिळाले की कथानक मरते. त्यामुळे दत्तक किंवा सावत्र नाते मालिकेत शेवटचा मुक्काम क्वचितच ठरते, बहुतेक वेळा ते पुढच्या संकटाची तयारी असते. हा केवळ लेखकांच्या विचारांचा दोष नाही. आठवड्यातून पाचसहा दिवस काहीतरी बिघडवावेच लागते, या व्यवसायाच्या गरजेचा त्यात मोठा वाटा आहे.

पुरुष कुठे आहे?

वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीच्या कारणासोबत असते. त्यासाठीची पहिली तपासणी, म्हणजे वीर्यतपासणी, सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. तरीही मालिकेत पहिली, दुसरी आणि तिसरी तपासणी सुनेचीच होते. नवऱ्याचा अहवाल आलाच तर तो लपवण्यासाठी येतो. सून तो पदरात बांधते आणि दोष स्वतःवर घेते. हा त्याग म्हणून दाखवला जातो आणि मालिका तिचे कौतुक करते. प्रेक्षकाला यातून शिकवण मिळते, की पुरुषाचे वंध्यत्व ही मरणाहून वाईट, झाकून ठेवायची गोष्ट आहे.

यात भाषेचाही हात आहे. आपल्या मराठीत 'वांझ', 'वांझोटी' हे शब्द स्त्रीसाठी आहेत. पुरुषासाठी बोलीत तसा शब्द नाही. जो आहे, 'नपुंसक', तो चुकीचा आहे. नपुंसकत्व म्हणजे लैंगिक संबंधातील असमर्थता. वंध्यत्व म्हणजे गर्भधारणा न होणे. वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या पुरुषाचे लैंगिक जीवन पूर्ण सुरळीत असू शकते. 'निपुत्रिक' हा शब्दही तपासून पाहा. तो मूल नाही असे म्हणत नाही, पुत्र नाही असे म्हणतो. संवादलेखकाच्या हाती हीच हत्यारे असतील, तर पुरुषाचा अहवाल वाचणारा प्रसंग मर्दानगीच्या पंचनाम्यासारखा होतो, यात नवल नाही.

वैद्यक मात्र केव्हाच पुढे गेले आहे. इक्सी या तंत्राने एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडता येतो, आणि त्यातून पहिले मूल १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या पथकाच्या प्रयत्नांतून जन्मले. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ पुष्कळ पुरुषांसाठी उत्तर उपलब्ध आहे. या बाबतीत चित्रपट मालिकेपेक्षा मोकळा राहिला. शूजित सरकार यांच्या 'विकी डोनर' (२०१२) ने वीर्यदानाला विनोदाच्या वाटेने घराघरात आणले. त्यातही आजच्या दृष्टीने एक गोष्ट खटकेल. चित्रपटात एकाच दात्यापासून पन्नासहून अधिक मुले जन्मलेली दाखवली आहेत. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायद्यानुसार आता एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही.

सरोगसी: पडद्यावरची आणि कायद्यातली

हिंदी पडद्यावर सरोगसी बराच काळ 'दुसरी बाई' या जुन्या सूत्रातच बसवली गेली. 'दूसरी दुल्हन' (१९८३) हे शीर्षकच बोलके आहे. 'चोरी चोरी चुपके चुपके' (२००१) मध्ये तर प्रयोगशाळेचा संबंधच नाही. मूल शरीरसंबंधातून होते. मेघना गुलजार यांचा 'फिलहाल' (२००२) वेगळा, कारण तिथे मैत्रीण मैत्रिणीसाठी मूल वाढवते आणि ताण त्या मैत्रीतला आहे. मराठीत समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' ने परदेशी जोडप्यासाठी पैसे घेऊन गर्भ वाढवणाऱ्या गरीब स्त्रीकडे कॅमेरा नेला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यावरूनच २०२१ मध्ये हिंदीत 'मिमी' आला.

मालिकांनी मात्र सवतीचे सूत्र धरून ठेवले. सरोगेट स्त्री घरात राहायला येते, नवऱ्याच्या प्रेमात पडते, बाळ द्यायला नकार देते. प्रेक्षकाच्या मनात यातून एक ठाम गैरसमज रुजतो, की बाळ सरोगेट स्त्रीच्याच बीजाचे असते. सध्याच्या कायद्यात याला जागाच नाही. सरोगसी (नियमन) कायदा २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार सरोगेट स्त्रीला स्वतःचे बीज देता येत नाही. ती विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वयाची असावी लागते आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. वैद्यकीय खर्च आणि विम्यापलीकडे मोबदला देता येत नाही. विमा ३६ महिन्यांचा असतो. मूल कोणाचे आणि ताबा कोणाकडे, याचा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा किंवा त्याहून वरिष्ठ न्यायालयाचा आदेश आधीच घ्यावा लागतो.

तेव्हा मालिकेचा आवडता कलाटणीचा प्रसंग, म्हणजे घरच्यांना पत्ता न लागता कोणीतरी गुपचूप सरोगेट होणे, आज कागदावरच अडकेल. 'ये है मोहब्बतें'चे कथानक या कायद्याआधीचे आहे, म्हणून त्याला तो निकष लावू नका. पण नव्या मालिका पाहताना जरूर लावा. खरे तर मंडळापुढे प्रमाणपत्रासाठी ताटकळणारे जोडपे, 'मोबदला नको, पण घर कसे चालवू?' असा प्रश्न पडलेली नणंद, यांत सवतीच्या मत्सराहून जास्त नाट्य आहे.

अशीही मांडणी होऊ शकते

इंग्रजीतली दोन उदाहरणे पुरेत. 'फ्रेंड्स' ही निखळ विनोदी मालिका. तिच्या नवव्या पर्वात, २००३ मध्ये, मोनिका आणि चँडलर यांचे अहवाल येतात तेव्हा अडचण दोघांमध्येही निघते. कोणी कोणाला दोष देत नाही. दाता, सरोगसी हे पर्याय चर्चेत येतात आणि शेवटी ते दत्तक घेतात. ते दत्तक तिथे मालिकेसोबत संपते, पुढच्या संकटासाठी वापरले जात नाही. 'मास्टर ऑफ नन'च्या तिसऱ्या पर्वात (२०२१) एक अख्खा भाग अ‍ॅलिशिया नावाच्या एकट्या स्त्रीच्या आयव्हीएफला दिलेला आहे. स्वयंपाकघरात स्वतःला टोचून घेणे, विमा कंपनीचे नियम, परिचारिकेचा फोन. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. सुरीसारखे टोचते ते.

आपल्याकडे असे का झाले नाही, याचे एक कारण सरकारी इतिहासात आहे. मेक्सिकोत मिगेल सबिदो यांनी कुटुंबनियोजनासाठी मालिका वापरल्या. त्यांच्या प्रेरणेने दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. कुटुंबनियोजनाचा उपदेश प्रेक्षकांना जड वाटल्यावर तो सौम्य केला गेला, पण हेतू तोच होता. २०१४ मधील दूरदर्शनच्या 'मैं कुछ भी कर सकती हूँ' मध्येही मुलींचे आरोग्य, लिंगनिवड, पाळणा लांबवणे हे विषय होते, आणि ते हवेच होते. म्हणजे हेतुपूर्वक आरोग्यशिक्षण देणारी आपली मालिका मुले कमी कशी व्हावीत यावर बोलत राहिली. ज्यांना एकही होत नाही त्यांचा प्रश्न खासगी वाहिन्यांच्या सासू-सुनांकडे सोपवला गेला.

परिणामाचा विचार करताना

जॉर्ज गर्बनर यांचा संवर्धन सिद्धांत तुम्ही वाचला असेल: जास्त टीव्ही पाहणाऱ्याला जग हळूहळू टीव्हीतल्या जगासारखे वाटू लागते. तो इथे सरळ लावू नका. प्रेक्षक भोळा नसतो; सांडलेल्या तेलावर घराघरांत विनोद होतात. माझ्या मते परिणाम होतो तो माहितीपेक्षा अपेक्षांवर. पहिले आवर्तन फसल्यावर 'आपल्यातच काहीतरी कमी आहे' असे वाटणे, नवऱ्याने तपासणीला टाळाटाळ करणे, 'दत्तक घ्या, मग आपोआप स्वतःचे होईल' असा सल्ला नातेवाइकांनी देणे, या सगळ्यांमागे कुठेतरी पाहिलेले कथानक आहे. कारण न सापडलेल्या वंध्यत्वात उपचाराविना गर्भधारणा होतेही. पण दोन्ही बीजवाहिन्या बंद असताना तिची वाट पाहणे म्हणजे उपचाराची उमेदीची वर्षे घालवणे. वयाबरोबर यशाचे प्रमाण कसे घसरते ते वर दिलेच आहे.

स्वाध्याय

सध्या सुरू असलेली कोणत्याही भाषेतील एक मालिका निवडा, ज्यात मूल न होण्याचे कथानक आहे. सलग दहा भाग पाहा आणि नोंद ठेवा: तपासणी कोणाची झाली, निकाल कोणी वाचला, कोणापासून लपवला, खर्चाचा उल्लेख कितीदा आला, 'वारस' हा शब्द कोणाच्या तोंडी आहे. मग त्यातला एक प्रसंग निवडून भ्रूण सोडल्यानंतरच्या दहाव्या दिवसाचे एक पान संवादलेखन करा. अट एकच: त्या पानावर कोणालाही चक्कर येता कामा नये.